पाच डिसेंबरला पोस्टर लावण्यापेक्षा एक खड्डा खणा

नागपुरात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "गेल्या वर्षी जागतिक मृदा दिनाला आम्ही पोस्टर लावली, व्याख्यान ठेवलं. हॉलमध्ये सगळी आमच्याच वर्गातली मुलं. बाहेरचं कोणी फिरकलं नाही. लोकांना मातीत रस का नाही? आणि लोकांनाच रस नसेल तर या विषयाला उद्या विचारणार कोण? यंदा आमच्या वस्तीत काहीतरी करायचं आहे. काय करू?"

मी अठ्ठावीस वर्षं माती सर्वेक्षणाचं काम केलं. त्यातला बराच काळ नागपूर, वर्धा, अमरावतीच्या वावरांमध्ये खड्ड्यात उतरून गेला. तुमची तळमळ मला कळते, कारण या प्रश्नाने मलाही पुष्कळ छळलंय. पण "लोकांना रस नाही" हे तुमचं निदान मला पटत नाही.

माझ्याकडे लोक काय विचारत आले ते सांगतो. नवीन कंपाउंडची भिंत दोन पावसाळ्यांत वाकडी का झाली? प्लॉट घ्यायचाय, खाली काळी माती आहे, पाया किती खोल न्यावा? संत्र्याची झाडं अर्ध्या बागेत हिरवी आणि अर्ध्या बागेत पिवळी, असं का? बोअरचं पाणी द्यायला लागल्यापासून जमीन चिखलासारखी बसते, काय करू? गच्चीवरच्या कुंडीत पाणी वरच्यावर का साचतं? हे सगळे मातीचेच प्रश्न आहेत. विचारणाऱ्याने "माती" हा शब्द वापरलेला नसतो, "मृदा" तर नाहीच नाही. तुमच्या पोस्टरवर लिहिलं असणार "मृदा संवर्धन काळाची गरज". ज्याच्या भिंतीला भेग पडली आहे त्याला हे पोस्टर आपल्यासाठी आहे असं का वाटावं?

मग खरा प्रश्न असा उरतो, की लोकांकडे मातीचे इतके प्रश्न असताना ते मातीच्या जाणकाराकडे का येत नाहीत? माझ्या मते यात मोठा वाटा आपला आहे. आपण लोकांना माती दाखवली ती वीतभर खोलीची, तीही पिशवीत भरलेली. त्याखाली काय आहे हे त्यांना आपण कधी दाखवलंच नाही.

हे मी एका बागेत शिकलो. काटोलकडची साडेचार एकरांची संत्र्याची बाग, झाडं नऊ वर्षांची. वरच्या अंगाची झाडं उत्तम. उताराच्या खालच्या बाजूची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, शेंडे वाळायला लागलेले. मालकाने तीन वर्षं औषधं मारली होती, खतं बदलली होती. जमीन आरोग्य पत्रिका (माती तपासून सरकार शेतकऱ्याला देतं तो कागद) त्यांच्याकडे होती आणि तिच्यात काहीच भयंकर दिसत नव्हतं. मी म्हटलं, खणून पाहू. मीटरभर खोल दोन खड्डे घेतले, एक वर, एक खाली. वरच्या खड्ड्यात चाळीस सेंटिमीटरनंतर मऊ मुरूम लागला, पाणी सहज झिरपणारा. खालच्या खड्ड्यात वरची वीतभर माती भुसभुशीत, त्याखाली घट्ट काळी चिकण, तिचे ढेकूळ फोडले की पृष्ठभाग पॉलिश केल्यासारखे चकाकत होते. पंचावन्न सेंटिमीटरपासून चुनखडीचे पांढरे खडे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर फसफसून फेस आला. संत्र्याची मुळं तिथवर येऊन आडवी वळली होती. वळणाच्या जागी ओल होती आणि कुजट वास होता.

पाहता पाहता खड्ड्याभोवती वीसेक माणसं जमली. कोणी बोलावलं नव्हतं. एकाने खाली उतरून मुळाला हात लावून पाहिला, दुसऱ्याने चुनखडीचा खडा खिशात टाकला. मालक बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे झाडाले खायले आहे, पण पाय बुडून राह्यले." निचरा नाही आणि चुन्यामुळे लोह मिळत नाही, हे मी अर्धा तास समजावलं असतं. ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. निघताना शेजारचे म्हणाले, "माह्या वावरात खणता का साहेब?" त्या आठवड्यात मी त्या गावात सात खड्डे पाहिले.

(बागेचं काय झालं, ते सांगायला हवं. उताराला धरून खोल चर काढले, लोहाची फवारणी सुरू ठेवली. काही झाडं सावरली. अगदी खालच्या तीन ओळी गेल्या. लागवडीआधी मीटरभर खड्डा घेतला असता तर तिथे संत्रा लावलाच नसता.)

आता पत्रिकेत हे का दिसलं नाही? पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली आणि तिच्यात बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन). खताचा हिशेब करायला हे चांगलं आहे. पण यात मातीची खोली नाही, पोत नाही, निचरा नाही, चुनखडीचं प्रमाण नाही. म्हणजे संत्रा जगेल की मरेल हे ज्यावर ठरतं, तेच नाही. शिवाय योजनेच्या मूळ नियमानुसार कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना आणि ओलिताखाली अडीच हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्याकडे एवढ्यात पाच-सात जणांची वावरं येतात, आणि एकाच वावरात वर बरडी (मुरुमावरची पातळ माती) आणि खाली काळी असू शकते.

एका तालुक्याच्या गावी पत्रिका वाटपाचा कार्यक्रम होता, मी मंचावर होतो. दोन तास भाषणं झाली, शेवटच्या वीस मिनिटांत तीनशे कागद वाटले गेले. कागदावरची शिफारस हेक्टरी किलोमध्ये, शेतकऱ्याचा हिशेब एकरी पोत्यांमध्ये. समजावून सांगायला कोणी थांबलं नाही. एक म्हातारे आजोबा माझ्यापाशी आले. "साहेब, कागद त भेटला. पण वावरात पाणी काहून थांबते, थे यात कोठी लिवलं हाय?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हतं, कारण नमुना त्यांच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) आतला होता की नाही हेही मला माहीत नव्हतं. त्यांना रस नव्हता असं कोण म्हणेल?

लोकांचा रस आणि आपलं शास्त्र यांचं नातं दोन्हीकडून चालतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. समाजाला ज्या काळात मातीकडून जे हवं होतं, तेवढंच शास्त्राने पाहिलं, आणि शास्त्राने जेवढं दाखवलं तेवढीच माती समाजाला दिसली. ब्रिटिशकाळात मध्य प्रांतात जमाबंदी करताना शेतसारा जमिनीच्या प्रतीवर ठरायचा. तेव्हा अधिकाऱ्यांनी नवी नावं शोधली नाहीत. शेतकऱ्यांचीच काळी, मोरंड, खरडी, बरडी ही नावं नोंदींमध्ये घेतली. सारा त्यावर ठरणार म्हटल्यावर आपली जमीन मोरंड की खरडी हे घराघरात माहीत असायचं. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीची वादळं उठली, शेतं उडून गेली, आणि १९३५ मध्ये तिथल्या सरकारने मृदा संधारणाचं स्वतंत्र खातं काढलं. धूळ शहरांपर्यंत पोचली तेव्हा शहरांनाही माती दिसली. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात माती परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाल्या, रासायनिक खतांचा वापर वाढत गेला, आणि "माती तपासणं" म्हणजे "किती युरिया टाकू" हे समीकरण पक्कं झालं. ते समीकरण आपणच शिकवलं. त्यामुळे आज शेतकरी आपल्याला खताचा माणूस समजतो, आणि शहरातला माणूस आपल्याला समजतच नाही.

आपल्या शहराला तर याचं विशेष वाटायला हवं. १९७६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो इथे आहे, अमरावती रोडवर. कापूस संशोधन संस्था इथे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था इथे, कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं. देशाच्या मातीचे नकाशे ज्या शहरात तयार होतात, त्या शहरात आपल्या घराखाली काय आहे हे रिक्षावाल्याला, दुकानदाराला ठाऊक नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

नकाशांबद्दलही लोक निराश होतात, म्हणून त्याचं गणित सांगून ठेवतो. राज्यांचे मातीचे नकाशे १:२,५०,००० या प्रमाणात झाले. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. दोन एकरांचं वावर साधारण नव्वद मीटर लांब-रुंद धरा. ते या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान येतं, पेन्सिलच्या टोकाखाली लपतं. असा नकाशा जिल्ह्याचं नियोजन करायला उत्तम आहे. "माझ्या शेतात काय लावू" याचं उत्तर त्याच्याकडे मागणं चूक, आणि ते देतो असं आपण भासवणं त्याहून मोठी चूक. १:१०,००० च्या नकाशावर तेच वावर नऊ मिलिमीटरचं होतं. मग काहीतरी बोलता येतं. तरी खड्डा लागतोच.

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत मातीबद्दल बोललं जाऊ लागलंय, ही आनंदाची गोष्ट आहे. २०१५ हे आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष झालं. २०२२ मध्ये मातीसाठी लंडनहून भारतापर्यंत मोटारसायकल यात्रा निघाली, लाखो लोकांनी पाहिली. पण या लाटेबरोबर काही वाक्यंही आली, आणि तुमच्या कार्यक्रमात ती कोणीतरी म्हणणार. "जगाच्या मातीत आता फक्त साठ पिकं उरली आहेत" हे त्यातलं एक. या आकड्यामागे कुठलाही मोजणीचा अभ्यास नाही. माती किती टिकेल हे जागोजागी इतकं बदलतं, की सगळ्या जगाला एक आकडा लावताच येत नाही. आपल्याच भागात पाहा: टेकडीच्या उतारावरच्या बरडीत मुरुमावर वीतभर माती आहे, तिथे धूप हा आजचा धोका आहे. नदीकाठच्या काळीत दीड-दोन मीटर माती आहे, तिथे धोका निचऱ्याचा आणि क्षारांचा. भीती घालून मिळवलेलं लक्ष फार टिकत नाही. धुपीचं खरं गणित सांगा, ते पुरेसं गंभीर आहे: एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती वाहून गेली तर ती दहा घनमीटर होते, म्हणजे सुमारे तेरा टन. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच ती जाते.

दुसरं वाक्य कर्बाचं: "मातीत तीन टक्के सेंद्रिय घटक आणा." हेतू चांगला आहे. पण सेंद्रिय घटक आणि सेंद्रिय कर्ब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (घटकाचं प्रमाण कर्बाच्या साधारण पावणेदोनपट धरतात), आणि लोक त्यांची गल्लत करतात. आपल्याकडे मे महिन्यात तापमान पंचेचाळीसच्या पुढे जातं, नांगरलेली जमीन तापते, सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळतो. प्रयोगशाळेत ०.५ टक्क्याखाली कर्ब कमी आणि ०.७५ च्या वर जास्त धरतात, ते याच हवामानामुळे. एक एकरातली वरची पंधरा सेंटिमीटर माती साधारण आठ लाख किलो भरते. तिच्यातला कर्ब ०.१ टक्का वाढवायचा तर आठशे किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. टनभर ओल्या शेणखतात कर्ब साधारण शे-दीडशे किलो, आणि त्यातला बहुतेक काही वर्षांत हवेत जातो. म्हणजे हे काम एका हंगामाचं नाही, दहा-वीस वर्षांचं आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या न जाळणं, धुऱ्यावर झाडं, तुरीसारखं पानं गाळणारं पीक, कमी नांगरट यांतून ते होतं. शेतकऱ्याला तीन टक्क्यांचं लक्ष्य दिलं, त्याने तीन वर्षं शेणखत घातलं आणि कागदावर आकडा ०.४५ वरून ०.५० झाला, तर तो स्वतःला हरलेला समजेल. प्रत्यक्षात त्याने चांगलं काम केलेलं असतं. हे त्याला सांगणारा माणूस तिथे हवा. तुमच्या विषयाला उद्या विचारणार कोण, या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. लोकांचा उत्साह जितका वाढेल तितकी असं नीट सांगणाऱ्याची गरज वाढेल.

आता तुमच्या कार्यक्रमाकडे येतो. काय करावं हे वस्ती कुठली यावर अवलंबून आहे. नागपूर दोन खडकांच्या सांध्यावर बसलेलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बसाल्ट, सिताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने ग्नाइससारखे खडक. त्यामुळे हिंगण्याकडची वस्ती आणि भंडारा रोडकडची वस्ती यांच्या खड्ड्यात तुम्हाला वेगळ्या गोष्टी सापडू शकतात. जुन्या वस्तीत वरचा मीटरभर नुसता भराव असेल, विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, सिमेंट. तोही दाखवा, शहरात माती म्हणून बहुतेकांच्या पायाखाली तेच आहे.

काळी माती निघाली तर भिंतीच्या भेगांपासून सुरुवात करा. तिच्यातली स्मेक्टाइट नावाची चिकण पाणी थरांमध्ये शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगा मीटरभर खोल जातात, वरची माती त्यांत पडते, पावसात खालची फुगून वर ढकलली जाते. ही माती आपली आपणच उलथत राहते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिचं नाव "उलटणे" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून व्हर्टिसॉल ठेवलं. उथळ पायावरची हलकी भिंत या हालचालीबरोबर वर-खाली होते, जड इमारतीपेक्षा कंपाउंड आधी वाकतं ते त्यामुळे. ज्यांच्या घरी भेगा आहेत ते हे ऐकायला थांबतीलच, मी खात्रीने सांगतो.

आमंत्रणावर "जागतिक मृदा दिन" खाली बारीक अक्षरात लिहा, वर लिहा "तुमच्या घराखाली काय आहे?" येताना प्रत्येकाने आपल्या अंगणातलं किंवा कुंडीतलं वाळलेलं बोराएवढं ढेकूळ आणावं. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर एक गोष्ट, त्याभोवती दुधाळ ढग पसरला तर दुसरी. तो ढग म्हणजे मातीत सोडियम जास्त असण्याची खूण. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं दुखणं एका ग्लासात दिसतं. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग उठतच नाही आणि चुकीचं उत्तर मिळतं.

वेळ असेल तर आणखी एक करा. कोऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेगवेगळ्या ठिकाणी वीतभर खोल पुरा: बागेत, रस्त्याकडेला, शेणखत घातलेल्या वाफ्यात. ओल टिकेल इतकं पाणी द्या. पाच डिसेंबरला सगळ्यांसमोर उकरा. जिथे जीवाणू-बुरशी कामाला लागलेत तिथे कापडाच्या चिंध्या निघतील. विदर्भात कापूस मातीतून येताना सगळ्यांनी पाहिलाय, मातीत परत जाताना फार थोड्यांनी. मात्र यावरून "ही माती चांगली, ती वाईट" असं जाहीर करू नका. ओल आणि ऊब यांवर निकाल फार बदलतो.

वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून बोलवा. बरीच जण गावाकडून आलेली असतील. त्यांच्या गावच्या जमिनीला काय म्हणायचे ते विचारा आणि फळ्यावर लिहा. पूर्वेकडचा माणूस धानाच्या बांधीतली कन्हार, सिहार सांगेल, पश्चिमेचा काळी, बरडी सांगेल. प्रत्येक नावासोबत त्यांना पीक, पाणी, वखर किती जड जायचा हे आठवेल. तुम्ही ते लिहून घ्या. पुस्तकातल्या वर्गीकरणाशी त्याची सांगड घालणं हा तुमच्या प्रबंधाचाही विषय होऊ शकतो.

खड्ड्याबद्दल शेवटची कामाची माहिती. आधी पाण्याची पाइपलाइन, केबल, गॅस कुठून गेलाय ते विचारून घ्या आणि लेखी परवानगी घ्या. दीड मीटर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल पुरे. त्याहून खोल नको, काळ्या मातीच्या भिंती ओल असेल तर ढासळतात. एका टोकाला पायऱ्या ठेवा. दाखवायची बाजू उत्तरेकडची ठेवा, कारण डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून येतं आणि ती भिंत दिवसभर उजेडात राहते. त्या बाजूच्या वर कोणाला उभं राहू देऊ नका, माती तुडवली जाते. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला, वेगळ्या ढिगात टाका. रात्री चारही बाजूंनी दोर आणि पत्रे लावा, लहान मुलं आणि कुत्री पडतात. कार्यक्रम झाला की बुजवताना खालची आधी, वरची शेवटी, दर वीतभराला धुम्मस करत. उलट भरली तर त्या जागी पुढची काही वर्षं गवतही नीट येत नाही.